संध्याकाळची वही

चुन्याची बादली. तिच्यात बुडवलेला कुंचला.

राज्यसंस्था ही एक आवश्यक आपत्ती आहे, या विधानाची चर्चा करा. (पाच गुण)

अनंदनच्या पायांचे अंगठे पांढऱ्या चिंधीने एकत्र बांधले होते.

रजीशने मुंडू खाली सोडलं नाही.

सतरा माणसं, एक पंखा.

"माष, मग यातलं खरं कुठलं?"

...सदर चूक माझ्याकडून अनवधानाने घडली असून तिचा माझ्या हेतूशी काहीही संबंध नाही...

दूध नासलं.

दूध नासलं, हे रोहिणीने आतून सांगितलं तेव्हा पवित्रन फाटकाबाहेर रस्त्यात, घराकडे तोंड करून उभा होता. स्वतःच्या घराकडे माणूस असा बाहेरून बघत सहसा उभा राहत नाही. तो वर्तमानपत्र उचलायला आला होता, ते आता काखेत होतं, आणि गल्ली पांढरी झालेली होती. डावीकडे टेलिफोनमधून निवृत्त झालेल्या बाईंची भिंत, तिच्यापुढे दातांच्या डॉक्टरांची, उजवीकडे मोयतीनिक्काच्या चहाच्या दुकानापर्यंतच्या सगळ्या, समोरच्यासुद्धा. प्रत्येक भिंतीवर छातीइतक्या उंचीचा चुन्याचा पट्टा, अजून ओला, कडांना निळसर, आणि पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत पक्षाचं नाव आणि साल. म्हणजे भिंत धरली. निवडणूक जाहीर व्हायला महिना होता, उमेदवाराचा पत्ता नव्हता, पण भिंत आधी धरायची असते. एकाने धरलेल्या भिंतीला दुसरा हात लावत नाही, एवढा सभ्यपणा या भागात डोकी फुटली त्या वर्षांतही पाळला गेला होता. फक्त पवित्रनची भिंत तशीच होती. जांभ्या दगडाची, शेवाळाने काळवंडलेली, मागच्या खेपेच्या तांबड्या अक्षरांचे काही पाय तेवढे खाली शिल्लक. चुना डावीकडच्या भिंतीच्या शेवटच्या दगडाशी थांबला होता आणि उजवीकडच्या भिंतीच्या पहिल्या दगडापासून पुन्हा सुरू झाला होता. मधे अठरा पावलं. त्याने ती मोजली नाहीत, त्याला ती पाठ होती, कारण चाळीस वर्षं शिकवताना उदाहरण म्हणून तो हीच भिंत घेत आला होता.

समजा एक भिंत आहे, असं तो सुरू करायचा. आधुनिक राजकीय विचारप्रणालींची ओळख, तिसरा पेपर, सकाळी साडेसातचा वर्ग, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. ज्यांना खऱ्या कॉलेजात जागा मिळाली नाही त्यांना, ज्यांना खऱ्या कॉलेजात नोकरी मिळाली नाही ते शिकवत. उदारमतवादी विचारतो, भिंत कुणाची? ज्याची असेल त्याच्या परवानगीशिवाय राजानेसुद्धा तिला हात लावू नये. परंपरावादी म्हणतो, कुणाची ते नंतर बघू, आधी ती का बांधली ते शोधा, आजोबांना काही आपल्यापेक्षा कमी अक्कल नव्हती, आणि पाडायला एक दुपार पुरते. समाजवादी विचारतो, हे दगड कुणी फोडले, आणि ज्याने फोडले त्याला झोपायला कुठली भिंत आहे? अराज्यवादी विचारतो, भिंत कशाला? राष्ट्रवादी भिंतीला मिठी मारतो. फॅसिस्ट भिंतीपलीकडे राहणाऱ्यांची नावं लिहून मागतो. इथे मुलं हसायची. स्त्रीवादी विचारते, भिंतीच्या दोन्ही अंगांचा केर कोण काढतं? एकदा एका मुलाने उठून सांगितलं होतं की माष (इथे मास्तरांना माष म्हणतात), पावसाचं पाणी आता कुठे जाणार हे कुणीच विचारलं नाही, आणि त्या वर्षीपासून पर्यावरणवादही त्याच भिंतीत आला. उत्तरात कुणाची बाजू घ्यायची नाही, तो बजावायचा, कारण तपासणारा कुठल्या पक्षाचा आहे ते आपल्याला माहीत नसतं. इथे मुलं जास्त हसायची. आणि आता या भिंतीला कुणीच काही विचारत नव्हतं.

रोहिणी बाहेर आली. हातात काळा चहा. तिने गल्ली दोन्ही बाजूंनी नीट बघून घेतली, मंडईत भाजी बघतात तशी.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपली भिंत आपली दिसतेय."

"चेष्टा नकोय."

"चेष्टा कुठे करतेय. कोरी राहिली म्हणून भिंतीला ताप येत नाही. तुम्हाला येईल. आत या, लोक बघतायत."

लोक बघत नव्हते. त्याचाच त्रास होता. दातांचे डॉक्टर स्कूटर काढत होते आणि त्यांना स्कूटरमध्ये अचानक पुष्कळ काही बघण्यासारखं सापडलं होतं. चार महिने हे असंच चाललं होतं. कुणी अपमान केला नव्हता. मोयतीनिक्का आजही त्याला चहा ओतून द्यायचा, फक्त पेला ठेवताना "काय म्हणतो देश" हे म्हणायचं त्याने सोडलं होतं. पंचवीस वर्षं पवित्रन त्या प्रश्नाला वैतागत आला होता. आता चहा घेताना तो प्रश्नाची वाट बघायचा, आणि मग चहाच बेचव लागायचा.

गल्लीच्या टोकाला नळावर सुकुमारन कुंचला धूत होता. पंचावन्न वर्षांचा, उन्हाने आणि चुन्याने हात फुटलेले, या भागातल्या भिंतींवरचं सुंदर अक्षर म्हणजे सुकुमारनचं अक्षर. पवित्रन त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला, सहज आल्यासारखा, आणि आपण सहज आल्यासारखे दिसत नाही हे त्याला कळत होतं.

"सुकुमारा, पहाटेच लागलास."

"ऊन चढायच्या आत उरकावं म्हटलं. अजून बेकरीची गल्ली राहिलीय माष."

"इथली एक राहिली."

सुकुमारनने कुंचला झटकला. पांढरे शिंतोडे पवित्रनच्या पायांवर उडाले. "यादी देतात, यादी घेऊन फिरतो. एकशेचार घरं आहेत. तुमचं नाही."

"विसरले असतील."

"असतील की. माणसंच ती."

"तुझं काय मत?"

"मला कुठलं मत, माष. मी अक्षरं काढतो. मागच्या खेपेला कालव्यापलीकडे त्या दुसऱ्यांचीही मीच काढली. कुंचला धुतला की झालं." त्याने कुंचला पुन्हा नळाखाली धरला. "तुमची भिंत चांगली आहे पण. अक्षर बसतं तिच्यावर. दगड पितो थोडं, पण बसतं."

दगड पितो. हे वाक्य घेऊन पवित्रन परत निघाला, आणि घरी न वळता सरळ पुढे चालत राहिला. काखेतल्या वर्तमानपत्राची शाई घामाने सदऱ्याला लागत असणार. त्याचा बाप म्हणायचा, छापलेलं अंगाला लागलंच पाहिजे. बाप विड्यांच्या कारखान्यात होता, कण्णूरला. शेडमध्ये चाळीस माणसं विड्या वळायची आणि एक जण वळायचा नाही, तो वाचायचा, सकाळी वर्तमानपत्र आणि जेवणानंतर पुस्तक. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. तो वाचणारा म्हणजे पवित्रनचा बाप. विचार म्हटलं की पवित्रनच्या नाकात अजूनही आधी तंबाखू येतो, मग अर्थ येतो. बाप शत्रूचं भाषणही आपल्या माणसाच्या भाषणाइतक्याच स्वच्छ आवाजात वाचायचा, स्वल्पविरामावर थांबून, योग्य शब्दावर जोर देऊन, आणि कुणी तरी कातरीची टोकं त्याच्याकडे करून ओरडायचं, अरे त्याचं इतकं चांगलं नको वाचूस. बाप म्हणायचा, मी वाईट वाचलं तर तुम्ही त्याला उत्तर काय द्याल? माझ्या वाचण्याला द्याल. यावर शेड हसायची आणि पानं कापली जायची. पवित्रनला या आठवणीचा अभिमान वाटायचा. मग केव्हातरी, साधारण पन्नाशीनंतर, तिची लाज वाटू लागली, कारण बापाकडे एकच आवाज होता आणि मुलाकडे दोन वह्या होत्या.

सकाळची वही आणि संध्याकाळची वही. दोन्ही दोनशे पानी, दोन्हींना तपकिरी पुठ्ठा, दोन्हींत तीच प्रकरणं त्याच क्रमाने, कारण माणूस एकच. सकाळची वही परीक्षेची. तिच्यात प्रत्येक विचार आपल्या सगळ्यात चांगल्या कपड्यांत उभा असायचा, जणू मुलगी बघायला आलाय. संध्याकाळची वही पक्षाच्या अभ्यासवर्गाची. तिच्यातही तोच विचार यायचा, पण अर्ध्या पानानंतर एक आडवी रेघ, आणि रेघेखाली त्याचे कपडे उतरवलेले. उदारमतवाद : स्वातंत्र्य. रेघ. कुणाचं स्वातंत्र्य, विकणाऱ्याचं की विकल्या जाणाऱ्याचं. अराज्यवाद : कोणतीही सत्ता नको. रेघ. रिकाम्या पोटाची रोमँटिक कविता. तिसाव्या वर्षी या रेघा त्याने पट्टीने ओढल्या होत्या आणि ओढताना त्याला सुख झालं होतं, खरं सुख, सुताराला रंधा मारताना होतं तसं. सकाळी वरची बाजू, संध्याकाळी खालची. यात खोटं काही नाही असं तो स्वतःला सांगायचा. सकाळी गुण मिळवायचे असतात आणि संध्याकाळी जग बदलायचं असतं. इतक्या वर्षांत कुणी दोन्ही वर्गांना एकदम बसलंच नव्हतं, म्हणून कुणी काही विचारलंही नव्हतं. मग अतुल्या आली. सकाळी माडीवर तिसऱ्या बाकावर, रविवारी संध्याकाळी वाचनालयात पहिल्या खुर्चीवर. दोन्हीकडे तेच पेन.

तो वर्ग त्याला अजून तसाच्या तसा दिसतो, वासासकट. वाचनालयाची खोली, ओले पेपर, सतरा माणसं, एक पंखा. रिक्षावाले, सहकारी बँकेतले दोघे, बाजारातले हमाल, आणि मागच्या रांगेत पक्षाच्या विभागाचा सचिव रजीश, कधी काळी सकाळच्या वर्गाचा विद्यार्थी, तिसऱ्या पेपरात दोनदा नापास. विषय उदारमतवाद. पवित्रनने वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली, आणि अर्ध्या पानानंतर रेघ आली नाही. तो पुढे वाचत गेला. माणूस म्हणजे कुणाच्या तरी योजनेतली वीट नव्हे. सगळ्यांचं भलं करायला निघालेल्याच्या हातात किती सत्ता द्यायची, हा प्रश्न तो भला असला तरी विचारायचा असतो, आणि तो भला असेल तेव्हा जरा जास्तच विचारायचा असतो. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. स्वल्पविरामावर थांबणारा, स्वच्छ. जिभेवर तंबाखूची चव आली, त्याने आयुष्यात कधी तंबाखू खाल्ला नव्हता. वर्गात कायम झोपणारा एक हमाल जागा होता आणि त्याचं तोंड किंचित उघडं होतं. कुणी फोन बघत नव्हतं. शेवटी, वही मिटल्यावर, अतुल्याने हात वर केला. "माष, मग यातलं खरं कुठलं?" तिच्या आवाजात खोडी नव्हती. तिला खरंच हवं होतं. आणि तो, जगातल्या सगळ्या उत्तरांतून, म्हणाला, "परीक्षेसाठी सगळीच खरी. प्रत्येकी पाच गुण." खोली हसली. हमालसुद्धा हसला. रजीश हसला नाही. त्याने नुसती मान हलवली, परीक्षेत प्रश्न ओळखीचा निघाल्यावर हलवायचा तशी.

आठवड्याने स्पष्टीकरण मागणारी चिठ्ठी आली. ती द्यायला रजीश स्वतः आला होता. मोठ्या माणसासमोर येताना गुडघ्यावर दुमडलेलं मुंडू, कमरेचं लुंगीसारखं धोतर, खाली सोडायचं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही, हात आपोआप गाठीकडे जातो. रजीशचा हात त्या दिवशी गाठीकडे गेला नाही. दुमडलेल्या मुंडूनेच तो पायरीवर चढला, गुडघे दिसत होते, एकावर शाळेतला जुना व्रण. "माष, रीतसर आहे, मनावर घेऊ नका," तो म्हणाला. त्यानंतरचे शब्द पवित्रनला आठवत नाहीत, तो व्रण आठवतो. त्याच दुपारी त्याने स्पष्टीकरण लिहिलं : दोन्ही वह्यांचे पुठ्ठे सारखे असल्याने घाईत सकाळची वही उचलली गेली, वर्गात हे लक्षात आल्यावर मधेच थांबणं बरं दिसलं नसतं, सदर चूक अनवधानाने, वगैरे. रोहिणीने ते वाचलं होतं. ती सरकारी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासत होती. चष्मा काढून ती म्हणाली होती, "शुद्धलेखनाची एकही चूक नाही." एवढंच म्हणाली होती.

भीती कशाची होती हे त्याला नेमकं माहीत होतं. अनंदनची. अनंदन त्याच्याबरोबर तुरुंगात होता, एकाच चटईवर, आणि म्हातारपणी कुठल्याशा ठरावावरून तो पक्षाबाहेर गेला. गेला तेव्हा त्याची भिंत आधी कोरी राहिली, त्यानंतर दोन वर्षांनी तो मेला. अंगणात बाकावर त्याला ठेवलं होतं. इथे पक्षाचा माणूस मेला की विभागाचा सचिव येतो, लाल झेंडा उलगडतो, छातीवर पसरतो, दोघे जण टोकं नीट करतात, आणि मग घरची माणसं रडायची ती मोकळी होऊन रडतात. अनंदनच्या अंगावर नुसतं पांढरं कापड होतं. त्याची बायको दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होती आणि रडत नव्हती. रस्त्याच्या पलीकडे छत्र्या उघडून पंधरावीस जण उभे होते, आत न येणारे, पाऊसही नव्हता, उन्हाच्या छत्र्या. पवित्रन त्यांच्यात होता. तिथून त्याला अनंदनचे बांधलेले अंगठे दिसत होते. त्या वेळी तो मनात काय म्हणत होता ते त्याला आठवतं : व्यक्ती आणि चळवळ यांतला अंतर्विरोध. आडवी रेघ. छत्रीचा दांडा घामाने घसरत होता.

वाचनालयाचं दार उघडं होतं. अतुल्या खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं पुसत होती. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीत. दीड वर्षापूर्वी तिला इथे मदतनीस नेमलं तेव्हा तिचा बाप, मासळीबाजारात बर्फ फोडणारा, पवित्रनच्या घरी एक आख्खी सुरमई घेऊन आला होता.

"माष, पेपर घरी येत नाही का आता? काखेत तर आहे."

"चालायला निघालो होतो."

ती खाली उतरली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, चुन्याच्या थेंबांकडे. "गल्लीतून आले मी सकाळी," ती म्हणाली. "होईल ते सगळं नीट. त्यांनी मलाही बोलावलं होतं, माहितीये ना?"

"कधी?"

"परवा. रजीशेट्टन आणि समितीतले दोघे. वह्यांचं विचारलं. तू सकाळी पण बसतेस ना, मग तुला ठाऊक असेल, दोन वह्या आहेत का, कशा दिसतात."

पवित्रनचा हात टेबलाच्या कडेवर होता. कडेचा पत्रा सुटला होता, त्याचं टोक तो बोटाने दाबत राहिला. "मग?"

"मी म्हटलं, माष म्हणतात तसंच असणार. तपकिरी पुठ्ठ्याच्या दोन." ती हसली, पण त्याच्याकडे न बघता. "मला खोटं नीट जमत नाही हो, कान लाल होतात. पण खोली काळोखी होती."

त्याने विचारलं, "तिसऱ्या पेपरची तयारी कुठपर्यंत आली?"

"तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत अजून. पाच गुण सोडून दुसरं."

"देईन."

"लिहून द्या. तोंडी दिलंत तर परत चौकशी लागेल." आणि ती पुन्हा खुर्चीवर चढली, फडकं झटकत.

परतताना ऊन चढलं होतं आणि चुना वाळून डोळ्यांत जात होता. पांढऱ्या भिंतींच्या रांगेत त्याची काळी भिंत लांबूनच दिसली, जबड्यातला किडका दात दिसावा तशी. फाटकापाशी सुकुमारन बसला होता, शेजारी बादली. आत पडवीत रजीश खुर्चीवर. मुंडू दुमडलेलं. रोहिणीने त्याच्यासमोर काळा चहा ठेवला होता आणि त्याने तो घेतला नव्हता.

"यादीत चूक झाली माष," रजीश म्हणाला. "टंकताना एक ओळ गळली. मी म्हटलं, आपण स्वतः जाऊन सांगावं."

"चुका होतात," पवित्रन म्हणाला.

"होतात. तुमची वहीची चूकही वरच्यांनी मान्य केली. कालच बैठक झाली." त्याने खिशातून कागद काढला. पवित्रनचंच स्पष्टीकरण, घडीवर मळलेलं. "फक्त एक जागा मोकळी राहतेय. वही चुकली, ठीक. वही काही प्रश्न विचारत नाही. प्रश्न कुणीतरी विचारला, त्यावर वर्ग हसला, अन् पुढे महिनाभर दुकानादुकानात तेच चाललं, सगळीच खरी, पाच पाच गुण. तो प्रश्न आला कुठून, हे पत्रात नाही."

"मुलीने विचारला. शिकायला बसली होती, विचारला."

"ती सकाळीही तुमच्याकडे बसते. तिला ठाऊक होतं तुम्ही काय वाचताय. तरी विचारलं. म्हणजे मुद्दाम." रजीशचा आवाज मऊ होता, त्यात रागाचा लवलेश नव्हता. "चूक एका माणसाची कधीच नसते, ती परिस्थितीतून येते, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मी नापास झालो, पण तेवढं लक्षात राहिलं."

"तिचं काय होईल?"

"काय व्हायचंय. किल्ली दुसऱ्याकडे जाईल. युवकांच्या समितीतून काही दिवस बाजूला. लहान आहे, शिकेल." त्याने कागद पुढे सरकवला. "तुमचं वय झालं माष. या वयात माणसाने आपल्या लोकांत असावं."

रोहिणी दारात उभी होती. तिने कप उचलला आणि म्हणाली, "रजीशा, दूध नासलंय आज. काळा चालत नसेल तर तसं सांग, उगीच थंड करू नकोस."

"चालतो की, चेची." त्याने हात पुढे केला, तोवर ती कप घेऊन आत गेली होती.

पवित्रन कागदाकडे बघत राहिला. या क्षणी एखादी विचारप्रणाली यायला हवी होती. आयुष्यभर तो त्यांचा हमाल होता, त्या पाठीवर वाहून त्याने इकडून तिकडे नेल्या होत्या. त्याने बोलावून पाहिलं. उदारमतवादी म्हणेल, व्यक्ती. समाजवादी म्हणेल, कुठली व्यक्ती, बर्फ फोडणाऱ्याची मुलगी, मग तर तिच्याच बाजूने. परंपरावादीसुद्धा म्हणेल, गुरूने शिष्याला विकू नये, हे फार जुनं आहे. सगळ्यांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं. त्याला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि मग त्याला अंगठे दिसले, पांढऱ्या चिंधीने बांधलेले, आणि रस्त्यापलीकडच्या छत्र्या, आणि छत्र्यांखाली दातांचे डॉक्टर, मोयतीनिक्का, सुकुमारन, आणि पुढे रजीश, घड्याळ बघणारा. आणि फाटकाकडे बघणारी, न रडणारी रोहिणी. हा विचार नव्हता. कुठल्याही पेपरात याला गुण नव्हते.

"पेन आहे?" त्याने विचारलं.

रजीशकडे होतं. वाक्य एकच होतं, रजीशने ते सांगितलं नाही, त्याने ते पवित्रनलाच करू दिलं, विद्यार्थ्याने मास्तरांना द्यावा तेवढा मान. पवित्रनने लिहिलं : सदर प्रश्न कु. अतुल्या हिने वर्गाची दिशाभूल करण्याच्या हेतूने, दोन्ही वर्गांतील पाठ ठाऊक असताना, जाणूनबुजून विचारला, असे माझे प्रामाणिक मत आहे. खाली सही, तारीख. अक्षर चांगलं आलं. कागदाने शाई पिऊन घेतली.

रजीश उठला. कागद खिशात घातला, आणि मग त्याचा हात मुंडूच्या गाठीकडे गेला. मुंडू सळसळत खाली उतरलं, घोट्यापर्यंत. गुडघे झाकले, व्रण झाकला. "येतो माष," तो म्हणाला, आणि पायरी उतरताना त्याने पाठ केली नाही, तिरका तिरका उतरला.

बाहेर सुकुमारनने कुंचला बुडवला. पहिला फटका शेवाळावर बसला तेव्हा एक ओला, जिभेसारखा आवाज आला. पवित्रन पडवीतूनच ऐकत होता. एक, दोन, तीन. दगड पीत होता. मोयतीनिक्का दुकानातून ओरडला, "माष, काय म्हणतो देश?" आणि पवित्रनने त्याला हात केला. फाटकापाशी पोचलेला रजीश वळला.

"आणि माष, येत्या रविवारपासून वर्ग तुम्हीच घ्यायचा. उदारमतवादच परत घ्या, लोकांच्या डोक्यातलं निघायला हवं. या खेपेला वही नीट बघून आणा. संध्याकाळची."

"आणतो," पवित्रन म्हणाला.

आतून रोहिणीने नासलेलं दूध मोरीत ओतल्याचा आवाज आला.

संध्याकाळची वही दोन वर्षांपूर्वी, कालव्याचं पाणी घरात शिरलं त्या पुरात गेली होती, तेव्हापासून रेघेखालचं तो सकाळच्या वहीवरूनच, तोंडपाठ सांगत आला होता, आणि गेलेल्या वहीचा लगदा अतुल्याने घमेल्यात भरून मागच्या फणसाच्या बुंध्याशी टाकला होता.